ताईच्या चुका शोधताना

जळणं कशाला म्हणतात ते मला ताईनं शिकवलं. बाकीही बरंच काही शिकवलं असं ऑफिसातले लोक सांगतात, पण ते त्यांचं मत आहे. ताई माझी कोणी लागत नव्हती. नागपूरच्या आयटी पार्कातल्या आमच्या लहानशा कंपनीत ती माझ्याच हुद्द्यावर होती, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, आणि सगळे तिला ताई म्हणत. आमचे साहेब तिच्याहून वयानं मोठे, तेसुद्धा ताईच म्हणत. मला मात्र पहिल्या दिवशी मॅडम म्हणाले आणि पुढेही मॅडमच म्हणत राहिले.

ती खुर्चीवर मांडी घालून बसायची. चपला त्यामुळे टेबलाखाली कुठेतरी गेलेल्या असायच्या आणि घरी जायच्या वेळी अर्धं ऑफिस वाकून त्या शोधायचं. तिला एसीची थंडी सोसत नसे. मे महिन्यात अख्खं नागपूर तोंडाला दुपट्टे गुंडाळून सावली शोधत फिरतं, तेव्हा ही बाई लाल स्वेटर घालून बसायची आणि भर दुपारी "जरा शेकून येते" म्हणून पार्किंगमध्ये उन्हात जाऊन उभी राहायची. वॉचमननं तिच्यासाठी एक खुर्ची सावलीत ठेवली होती. ती खुर्ची उचलून उन्हात न्यायची. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर लोकांनी डॉक्टरचा पत्ता दिला असता. ताईनं केलं म्हणून कौतुक.

तिची खरी ख्याती मात्र वेगळीच होती. कुणाचा प्रोग्राम अडला, की तो ताईकडे यायचा. ताई दुसऱ्याच्या की-बोर्डला हात लावत नसे, स्क्रीनकडे पाहतही नसे. डोळे मिटून म्हणायची, "वाच." तो बिचारा एररची पहिली ओळ वाचायचा. "पुढं." तो आणखी वाचायचा. "पुढं." असं करत करत शेवटापर्यंत. मग म्हणायची, "आता आपल्या भाषेत सांग, तो काय म्हणून राहिला." कॉम्प्युटरला ती कायम 'तो' म्हणायची. तो बिचारा सगळं सांगून राहिला, तुम्हीच ऐकून नाही राहिले, असं तिचं म्हणणं होतं. एररची पहिली ओळ फक्त काहीतरी बिघडलं एवढंच सांगते आणि खरं कारण खाली, कंटाळा येईल इतकं खाली असतं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी तिथवर कोणी वाचत नाही. ताईसमोर वाचावंच लागायचं, आणि आपल्या भाषेत सांगताना अर्ध्यावरच माणूस "अरे हां" म्हणून उठायचा. ताई डोळे उघडून शेंगदाणे खायला लागायची.

म्हणजे पाहा, तिनं काहीच केलेलं नसायचं. माझ्याकडे कुणी आला, तर मी उठून त्याच्या जागेवर जायची, दोन मिनिटांत चूक दुरुस्त करून द्यायची, वर ती का झाली तेही समजावून सांगायची. तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा ताईकडे जायचा.

मी पुण्याहून आले होते. मूळची नागपूरचीच, पण शिक्षण झाल्यावर तिकडे मोठ्या कंपनीत लागले. माझी भाषा पुणेरी झाली आणि पगारही. तिथे टीम लीड होणार हे ठरल्यात जमा होतं. तेवढ्यात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्हाला नागपूरला परतावं लागलं. कुणी जबरदस्ती केली नाही, मी माझ्या मनानं आले. पण हातातोंडाशी आलेली ती जागा गेली, ती गेलीच. इथे आल्यावर निदान आपण सगळ्यांत हुशार असू, एवढं समाधान मी गृहीत धरलं होतं. पहिल्या महिन्यातच त्यावर पाणी पडलं.

आमचं काम होतं जिनिंगवाल्यांचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचं. त्यांच्या वजनकाट्यावरून आमच्याकडे एक्सएमएल फाइल यायची. लेबलं लावलेले डबे ओळीनं मांडावेत तशी ती असते. एकात गाडीचा नंबर, एकात भरलेल्या गाडीचं वजन, एकात रिकाम्या गाडीचं. आमचा प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि प्रत्येक डब्यासाठी आपल्या आत एक वस्तू तयार करतो. वस्तू कशी असावी हे सांगणारा साचा म्हणजे क्लास. आता वाचण्याचं हे काम आम्ही स्वतः करत नाही, त्यासाठी तयार हत्यार मिळतं, आणि ते बाहेरचं असतं. साचा सगळ्यांसाठी उघडा आहे, पब्लिक आहे, असं आपण लिहून ठेवलं नसेल तर ते हत्यार दारातूनच परत फिरतं आणि एरर येते. ती एरर मला आली. मी घाईत सगळ्याच्या सगळ्या क्लासांवर पब्लिक लिहून टाकलं. फाइल वाचली गेली. मी साहेबांना हाक मारणार, तोच मागून ताईचा आवाज आला. अनवाणी असल्यामुळे ती आलेली कळतच नसे.

"काय वं, घराचे सगळेच दरवाजे उघडे टाकले तू," ती म्हणाली. "उद्या भाजीवाला बी चुलीपाशी येऊन बसन."

सगळे हसले. मग तिनं मला छपरी समजावून सांगितली. आपल्याकडच्या घरांना पुढे छपरी असते, आल्यागेल्यानं तिथे बसावं, पाणी प्यावं. त्यानं आणलेलं सामान आपण तिथेच पारखून घ्यावं आणि मग आत न्यावं. तिनं फाइल वाचण्यापुरते वेगळे क्लास केले होते, तेवढेच उघडे, आणि त्यांच्या फोल्डरला छपरी असंच नाव दिलं होतं. आतले हिशेबाचे क्लास कडीकुलपात. पुण्यात याच गोष्टीला लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि मला ते पाठ होतं. पण मला कोणी विचारलं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असण्याचाच मला त्रास होता, चुकत असती तर मी तिच्याशी फार प्रेमानं वागले असते.

त्या दिवसापासून मी तिचा कोड वाचायला घेतला. रोज, डबा खाता खाता. एक तरी चूक सापडावी म्हणून वाचायची. तिनं क्लासांना नावंसुद्धा मराठी दिली होती, भरली गाडी, रिकामी गाडी, पोतं. ते सगळं इतकं सरळ लिहिलेलं असे की वाचताना माझा राग वाढायचा. एकदा एका ठिकाणी स्पेलिंग चुकलेलं सापडलं. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. "बरं झालं वं," म्हणाली आणि दुरुस्त केलं. एवढंच. भांडलीसुद्धा नाही.

तिनं माझं घरही सोडलं नाही. एका संध्याकाळी माझी स्कूटर बंद पडली म्हणून तिनं मला घरी सोडलं, पाणी प्यायला वर आली आणि जेवूनच गेली. माझ्या हातच्या वरणाला इतक्या वर्षांत कधी बरं न म्हणालेल्या माझ्या सासूबाई तिला म्हणाल्या, पुढच्या वेळी सांगून ये, पाटवडीचा रस्सा करते. तेही एक वेळ ठीक. सासऱ्यांचं बोलणं झटक्यानंतर अडखळत असे. आम्ही घरातले अर्धं समजून घ्यायचो आणि उरलेल्याला मान डोलवायचो. ताई त्यांच्या पलंगाशी बसली आणि "मंग? पुढं?" करत त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. तरुणपणी ते कुस्त्या खेळायचे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर नवरा म्हणाला, काय मस्त बाई आहे. मी म्हटलं, तिला स्वतःच्या चपला सापडत नाहीत. ते कुणी मनावर घेतलं नाही. माझ्या सासऱ्यांचं मी इतकं करते आणि त्यांनी मनातलं सांगावं तर हिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कापसाचा हंगाम आला आणि साहेबांनी सांगितलं की जिनिंगच्या कामाला आता एक लीड नेमायचा आहे. एक तर ताई, नाही तर मी. साहेब म्हणाले, दोघीही तोलामोलाच्या आहात, हंगाम कसा जातो ते बघू. पुण्याला सोडून आलेली जागा पुन्हा समोर येऊन उभी राहिली होती. मला ती हवी होती. मनातल्या मनात नाही, अगदी उघड हवी होती. देवाला मी सहसा काही मागत नाही, पण तेव्हा टेकडीच्या गणपतीला जाऊन आले.

सावनेरकडच्या एका जिनिंगमध्ये त्याच सुमाराला नवा काटा बसला. तो वजनाबरोबर कापसातला ओलावाही मोजून फाइलमध्ये घालायचा. पहिल्या दिवशी तिथे हजर राहायला साहेबांनी मला पाठवलं, कारण ताई मावसबहिणीच्या लग्नाला उमरेडला गेली होती. मी पोचले तेव्हा कापसाच्या गाड्या फाटकापासून थेट सडकेपर्यंत लागल्या होत्या. पहिली गाडी काट्यावर चढली, फाइल आली आणि आमचा प्रोग्राम बंद पडला. दुसऱ्या गाडीलाही तेच.

शेठजी चांगले माणूस होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, ताई नाही आल्या का? मग दिवाणजींनी तेच विचारलं. मग काट्यावरच्या माणसानं विचारलं, ताईले फोन लावून पाहता का? साहेबांनी तर ऑफिसातून तिला फोन लावायला सुरुवातही केली होती. ती उचलत नव्हती. वरातीत बँडच्या आवाजात तिला ऐकू जात नसणार. खरं सांगते, तिनं फोन उचलला नाही याचा मला आनंद झाला. बाहेर गाडीवाले हॉर्न वाजवत होते, जागा हातची जायची वेळ आली होती, तरी झाला.

मी एरर उघडली आणि वाचायला लागले. तोंडानं, हळू आवाजात, आपल्या भाषेत. शेजारी कोणी नव्हतं म्हणून हे सांगायला हरकत नाही. हत्यार म्हणत होतं की मला या क्लासच्या आत जाता येत नाही, कारण त्याच्यावर असं लिहिलं आहे, आणि त्यापुढे दोन अवतरणचिन्हं होती. मधे काही नाही. कोरी जागा. असली कोरी चिन्हं मी आधीही पाहिली होती आणि छापायचं राहून गेलं असेल म्हणून सोडून दिली होती. या वेळी ती सोडता आली नाहीत. क्लासवर काहीही लिहिलं नाही, तर तो बंद असतो. त्याच्या फोल्डरातल्यांनी यावं-जावं, बाहेरच्यानं नाही. म्हणजे ताईचा 'तो', कॉम्प्युटर, मला बरोबरच सांगत होता. या क्लासवर काही लिहिलेलंच नाही, म्हणून मी आत येऊ शकत नाही.

क्लास ओलाव्याचा होता. छपरीतलाच. आलेल्यांनी बसावं म्हणून छपरी बांधली आणि तिच्या एका दाराला कडी लावून ठेवली, असला प्रकार. ऑफिसात तपासलेल्या फाइलमध्ये ओलाव्याचा डबाच नव्हता, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं. हत्यार त्या डब्यापाशी पोचेपर्यंत ते दार ढकलून पाहत नाही. कुणी लिहिला आहे ते पाहिलं. ताईनं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एक शब्द लिहिला, प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि गाड्या सरकायला लागल्या.

शेठजी खूश होऊन म्हणाले, "ताईच्या हाताखालच्या आहात म्हटल्यावर होणारच होतं."

मी जिनिंगच्या आवारातूनच साहेबांना फोन केला आणि सांगितलं की चूक ताईची होती. त्यांनी नीट ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा सांगितलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. चूक तिचीच होती.

ताई सोमवारी आली, लग्नातली बुंदी घेऊन. साहेबांनी तिला सांगितलं. मी माझ्या जागेवरून बघत होते, तिचा चेहरा पडतो का ते. ती उठली, अनवाणी ऑफिसच्या मधोमध आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की छपरीचं दार तिनंच बंद ठेवलं होतं, सडकेपर्यंत गाड्या लागल्या त्या तिच्यामुळे, आणि चूक मी पकडली. मग बुंदीचा डबा उघडला, पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली आणि बाकीच्यांना वाटत फिरली. ताई पण चुकते, म्हणत लोक हसत होते. संध्याकाळपर्यंत या गोष्टीचं नाव झालं ताईचा दिलदारपणा. मी त्यात कुठेतरी होते. इतक्या दिवसांनी एक चूक सापडली, ती माझी म्हणून मिरवावी, तर तीही तिच्याच नावावर जमा झाली. ती बुंदी मी खाल्ली. चांगली होती, त्यामुळे आणखीच राग आला.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून लीडची जागा दिली. मी आभार मानत होते, तेव्हा त्यांनी अगदी सहज सांगितलं की ताईला विचारलं होतं, ती म्हणाली तिलेच द्या. पेढ्याबरोबर खडा यावा तसं झालं. मी तडक पार्किंगमध्ये गेले. थंडीचे दिवस होते, ताई एरवीसारखीच उन्हात खुर्ची टाकून बसली होती. मी विचारलं, तुम्हाला नको होती म्हणून मला देऊन टाकलीत का?

"नको काहून असन?" ती म्हणाली. "पायजेच होती मले. लय पायजे होती."

"मग?"

तिनं डोळे उन्हानं बारीक केले होते. "अवं, ह्या ऑफिसात माहा कोड वाचते कोण? ताईनं लिवला म्हणते अन् पुढं जाते. मी चुकली तं मले सांगन कोण? तू एकटी वाचते. डब्बा खाता खाता रोज वाचते, मले दिसते ना. चूक भेटली पायजे, ह्या जिद्दीनं वाचते. तुह्यासारखी जळणारी बाई वर बसली, तं मी सुखानं काम करन."

यावर माणसानं विरघळावं. मी विरघळले नाही. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी तिला माझ्याबद्दल थोडंसुद्धा जळावंसं वाटलं नव्हतं, हे मला फार लागलं. हेवा एका बाजूनंच असणं अपमानाचं असतं. मी वर आले आणि तिचा त्या दिवशीचा कोड वाचायला बसले.

पुढची काही वर्षं अशीच गेली. ती लिहायची, मी वाचायची. मी लिहिलेलं तीही वाचायला लागली आणि मला तिच्या जितक्या चुका सापडत, त्याहून जास्त तिला माझ्या सापडत. जिनिंगचं काम त्या काळात एकदाही अडलं नाही. सगळे म्हणायचे, दोघींचं छान जमतं. मग तिला हैदराबादला मोठी नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी साहेबांचे डोळे भरले, वॉचमन वर येऊन रडला. मी रडले नाही. केक मी मागवला होता, त्याचं बघायचं होतं.

गेल्या महिन्यात मौद्याच्या एका जिनिंगमध्ये पुन्हा काम अडलं. या वेळी क्लास माझा होता. दार उघडं होतं, पण हत्याराला आत येऊन आधी एक रिकामी वस्तू घडवावी लागते, तिची सोयच मी ठेवली नव्हती. नवशिक्याची चूक. माझ्यानंतर तो कोड टीममधल्या तिघांच्या नजरेखालून गेला होता आणि तिघांनीही ठीक आहे असं लिहिलं होतं. मी त्यांना बोलावून विचारलं, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्यातला एक मोठ्या आदरानं म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहिलं होतं ना, म्हणून वाचलं नाही."

मला त्याला रागवता आलं नाही. जागेवर येऊन मी ताईला फोन लावला. ती गेल्यापासून मी आपणहून केलेला हा पहिलाच फोन. तिनं सासऱ्यांची चौकशी केली, सासूबाईंची केली. मी मौद्याचं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मी विचारलं, तिकडे तुमचा कोड वाचतं का कोणी?

"हाय ना एक," ताई म्हणाली. "विजयवाड्याची पोरगी हाय. लय जळते वं माह्यावर."

किती कौतुकानं म्हणाली. मी विचारलं, कशी आहे, कामाला बरी आहे का?

"तुह्यापेक्षा बारीक पाहते," ताई म्हणाली आणि हसली.

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. त्या मुलीला मी पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही. असेल हुशार. पण ताईवर माझ्यापेक्षा जास्त कोणी जळावं, हे मला अजिबात खपत नाही.